वाक्यं माझी, राणी त्याची

नाही, पण त्याला बोट वर करायला शिकवलं कुणी? मी! चष्मा कुठल्या शब्दावर काढायचा, काढल्यावर किती वेळ हातात धरायचा, परत घालताना आवाज कुठे खाली आणायचा... सगळं मी! नाहीतर तुम्हाला सांगतो, सहा वर्षांपूर्वी तो माणूस हवामान सांगायचा हो! नकाशापुढे उभा राहून भलत्याच दिशेला हात दाखवायचा, ढग उत्तरेला आणि हा दक्षिणेच्या लोकांना छत्र्या उघडायला लावायचा! आणि आज? आज जो तो म्हणतोय, काय लिहितो हो, काय लिहितो! लिहितो?... तो?... अहो, सहीच्या पलीकडे त्याने काही लिहिलेलं मी बघितलेलं नाही, आणि सहीतसुद्धा मध्येच अडखळतो! तुम्ही म्हणाल, हा जळतोय. जळतोय! खोटं कशाला बोलू?

तुम्ही त्याला बघितलं असेलच. आमच्या वाहिनीवर सातच्या बातम्या संपल्या की खून, आग, अपघात सगळं बाजूला सारून, हात टेबलावर जोडून, तो तुमच्याकडे बघतो ना, मोठा भाऊ बघतो तसा... आणि मग दीड मिनिट उपदेश करतो. खरं बोला, संयम पाळा, आईवडिलांना विचारा, दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नका. त्याचं पोस्टर आमच्या लिफ्टशेजारी लावलंय, खाली अक्षरं काय, तर 'समाजाचा दीपस्तंभ'! तेव्हापासून ऑफिसात त्याला सगळे दीपस्तंभच म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर 'सर'.

आणि ते दीड मिनिट लिहितं कोण? हा तुमच्यासमोर उभा आहे तो! माझ्या ओळखपत्रावर 'मजकूर सहायक' असं लिहिलंय. सहायक! मूळ मजकूरवाला कुणी असता तर मी त्याला साहाय्य केलंही असतं, पण तो आहे कुठे? माझी खुर्ची पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी आहे. दिवसभर ते ठिबकतं. टप्... टप्... आणि जो येतो तो पेला भरताभरता माझ्या कागदात डोकावून म्हणतो, 'आज काय, सत्य का?' 'नाही, आज क्षमा.' 'अरे वा,' म्हणतो आणि माझ्या क्षमेवर चार थेंब सांडून जातो. अशी सहा वर्षं काढली! मी एकट्याने या समाजाचे सगळे सद्गुण चार-चारदा लिहून काढलेत. मत्सरावर तर पाच वेळा लिहिलंय, पाच वेळा! 'मत्सर करणारा माणूस दुसऱ्याच्या घराला आग लावायला निघतो आणि काडी स्वतःच्या खिशात पेटवतो'... कसं आहे? छान आहे ना? त्याने ते वाचलं तेव्हा कुठल्याशा शाळेने त्याला बोलावून त्याचा सत्कार केला. मी घरी बसून तो सत्कार बघितला, तोही आमच्याच वाहिनीवर.

आता तुम्हाला आमची कामाची पद्धत सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच झाली. कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काच असते, त्या काचेवर अक्षरं सरकत जातात, तो ती वाचतो, आणि घरी तुम्हाला वाटतं हा माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलतोय. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. ती अक्षरं सरकवायला आमच्याकडे एक बाई आहेत, प्रॉम्प्टरवाल्या बाई, एकदम शांत, चोवीस वर्षं नोकरी झाली, कशाचंच आश्चर्य वाटत नाही त्यांना. मजकुरात मी मध्येमध्ये खुणा घालतो, 'श्वास', 'बोट', 'चष्मा'. खुणा पिवळ्या अक्षरांत, मजकूर पांढऱ्या. पिवळं करायचं, पांढरं बोलायचं. बस्! एवढं एकच शिकवायला मला सात महिने लागले.

आणि काचेवर जे येईल ते तो वाचतो. जे येईल ते! डोकं मध्ये येतच नाही. एकदा तो फार घाईने वाचत होता, म्हणून बाईंनी काचेवर 'जरा हळू वाचा' असं टाकलं. पांढऱ्यात टाकलं बिचारीने, गडबडीत. झालं! हा थांबला, कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि भारदस्त आवाजात म्हणाला, 'जरा... हळू... वाचा!' आम्ही कपाळाला हात लावला. आणि दुसऱ्या दिवशी एका मुख्याध्यापकांचं पत्र, की सरांनी सांगितल्यापासून आमची मुलं किती सावकाश वाचायला लागलीयत! पत्र त्याच्या नावाने. असा माणूस! नशीब म्हणजे किती असावं एखाद्याचं? जळतो मी! खोटं कशाला बोलू?

तर तो दिवस. विषय होता, एकनिष्ठा. मी पाच वाजता मजकूर ऑफिसच्या सामायिक फाइलीत टाकला, रोजच्यासारखा. ती फाइल त्याला त्याच्या फोनवरही उघडता येते. तो मेकअपच्या खोलीत बसून ती उघडायचा आणि म्हणायचा, 'रिहर्सल करतोय.' आम्हाला वाटायचं, वा, माणूस कष्टाळू आहे! रिहर्सल कसली, तुम्हाला सांगतो... तो माझा मजकूर उचलायचा, 'प्रेक्षकहो' काढायचा, तिथे 'राणी' घालायचा, आणि पाठवून द्यायचा! कुणाला? दातांच्या डॉक्टरीणबाईंना! त्याच्या बायकोला नाही हो, दातांच्या डॉक्टरीणबाईंना! आठ महिने! मी इथे समाज सुधारतोय, आणि माझा माल तिकडे चाललाय!

तर त्या दिवशी त्याने 'राणी' घातलं, मधे आपलं काय काय जोडलं, आणि तेवढ्यात मेकअपवाली पावडर घेऊन आली आणि म्हणाली, 'सर, डोळे मिटा.' सरांनी डोळे मिटले आणि अंगठा कुठेतरी दाबला. फाइल जतन झाली. तीच. सामायिक. सातची.

सात वाजून अठ्ठावीस मिनिटं. बातम्या संपल्या. दिवे मंद झाले. दीपस्तंभाने हात जोडले, आणि म्हणाला, 'राणी...'

आम्ही कंट्रोल रूममध्ये. मी प्रॉम्प्टरवाल्या बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची भुवई हलली. आणि हा चालूच! 'राणी, एकनिष्ठा म्हणजे साखळी नव्हे, एकनिष्ठा म्हणजे आपण होऊन धरलेला हात.' श्वास. 'जगात चेहरे हजार दिसतात, पण दिवस ज्याच्यापाशी संपावा असं वाटतं, तो चेहरा एकच असतो.' चष्मा काढला. काढला हो! बरोबर त्याच शब्दावर! 'घरी सांगितलंय की बुधवारी परिषद आहे. साडेचारला येतो. अक्कलदाढ दुखतेय असं तुझ्या दवाखान्यात बाहेर बसणाऱ्या बाईला सांगून ठेव.' आणि मग बोट वर! कारण शेवटची ओळ माझी, तिच्यावर खूण माझी! 'लक्षात ठेवा. ज्याला घर फसवता येतं, त्याला जग फसवायला वेळ लागत नाही. नमस्कार.'

आणि दिवे लागले. आमच्या संपादिकाबाई खुर्चीत अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. आणि हा माणूस, तुम्हाला सांगतो, कॉलरचा माइक काढत काढत बाहेर आला, मला म्हणाला, 'आज जरा वेगळं लिहिलं होतंत का हो? छान होतं. मनाला भिडलं.'

त्या संध्याकाळी मी घरी शीळ घालत गेलो! का नाही जायचं? मी म्हटलं, संपला. सुटलो. आता हा परत पाऊस सांगणार, तोही पहाटेचा. दुसऱ्या दिवशी त्याला पडद्यावरून उतरवलं, आणि पेपरात पहिल्या पानावर, चौकाचौकात, लिफ्टमध्ये, जिथे तिथे 'राणी, राणी'! समोरच्या वाहिनीने तर तीन तास चर्चा ठेवली, 'उपदेश कुणी करावा?' मी सगळी बघितली. तिन्ही तास. मध्ये पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही.

पण माझा आनंद किती टिकणार? चार दिवस! त्या डॉक्टरीणबाई टीव्ही बघत नाहीत. त्यांना पत्ताच नव्हता की आपल्याला येतंय तेच सात वाजता सगळ्यांना जातंय. हे कळल्यावर बाई खवळल्या. समोरच्या वाहिनीवर येऊन बसल्या, पांढरा कोट घालून, आणि म्हणाल्या, 'मला वाटायचं, माझ्यासाठी लिहितात. हा तर सार्वजनिक नळ निघाला! घ्या, सगळे घ्या, लोकांना कळू दे.' आणि त्याचे सगळे निरोप काढून दिले. एकशे बारा!

आता समोरच्या वाहिनीला काय, हातात कोलीतच! रोज संध्याकाळी एक निरोप, मागे व्हायोलिन, आणि वाचायला एक बाई, आवाज असा की किराणा मालाची यादी वाचली तरी तुमचा गळा दाटून येईल. हेतू काय होता? अब्रू काढायची. आणि झालं काय? लोक प्रेमात पडले! अहो, दाटीवाटीने बसून ऐकायला लागले! मुली वहीत उतरवून घ्यायला लागल्या, कपांवर छापलं, टीशर्टवर छापलं, आमच्या इमारतीचा वॉचमन बायकोला फोनवर सांगताना मी स्वतः ऐकलं, 'एकनिष्ठा म्हणजे आपण होऊन धरलेला हात, काय समजलीस?' आणि ती समजली असणार, कारण हा लाजला! माझं वाक्य! माझ्यासमोर! आणि वर मला म्हणतो, 'साहेब, माणूस वाया गेलेला आहे, पण लिहितो काय!' जळतो मी! अहो, खोटं कशाला बोलू?

पण वॉचमनचं मी सोडून दिलं असतं. जगाचंही सोडून दिलं असतं. घरचं कसं सोडू?

आमच्या हिचं शिलाईचं काम आहे. बाहेरच्या खोलीत मशीन, समोर टीव्ही, आणि तोंडात टाचण्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून ही माझ्याशी टाचण्यांच्या फटीतून बोलते. मी पगारवाढीची बातमी आणली, टाचण्या तोंडात. मी जिन्यावरून पडलो, पाय मोडला, टाचण्या तोंडात, 'लाग्लं का?' एवढंच. आणि त्या संध्याकाळी मी घरात शिरतो तर काय, व्हायोलिन वाजतंय, मशीन बंद, आणि हिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचून ठेवल्यात! एकूण एक! आणि डोळ्यांत पाणी!

मी म्हटलं, 'काय झालं? कोण गेलं?' तर म्हणाली, 'श्शू! ऐका.' मी ऐकलं. मत्सर! माझा मत्सर नंबर तीन! 'राणी, दुसऱ्याचं सुख बघून ज्याला झोप लागते, तोच खरा श्रीमंत.' ही म्हणाली, 'किती सुंदर लिहितात हो!' मी म्हटलं, 'अगं, हेच वाक्य मार्चमध्ये त्याने सात वाजता वाचलं होतं, तू समोर होतीस, तू परकराला नाडी घालत होतीस!' तर म्हणते कशी, 'तेव्हा ते सगळ्यांना शिकवत होते. आता ते तिला सांगतायत. फरक नाही का?' आणि पुढे, 'बघा ना, मध्येच श्वास म्हणतात, मध्येच चष्मा काढ म्हणतात तिला, किती बारीक लक्ष असेल माणसाचं! तुम्हाला माहिती आहे का, मला चष्मा कधी लागला ते?'

आता काय सांगू? खुणा पुसायच्यासुद्धा राहून गेल्या त्या गाढवाच्या, आणि त्याचंही कौतुक त्याच्याच पदरात! आणि चष्म्याचं म्हणाल तर... मला वाटलं होतं, तिला तो पहिल्यापासून होता.

मग माझ्याच्याने राहवेना. मी सरळ सांगून टाकलं, 'ती वाक्यं मी लिहिलीयत.' तिने माझ्याकडे बघितलं. वरून खाली बघितलं. आणि हसली हो! खो खो नाही, खो खो हसली असती तर चाललं असतं. बारीक हसली, आजारी माणसाला हसून दाखवतात ना, तशी. म्हणाली, 'तुम्ही? माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या कार्डावर तुम्ही स.न.वि.वि. लिहिलं होतंत.' लिहिलं होतं. सवय असते हो हाताला! मी म्हटलं, 'देवाशप्पथ, मी लिहिलंय.' तशी तिचं हसू गेलं आणि ती म्हणाली, 'बरं. तुम्ही लिहिलंत. मग कुणाला बघून?'

घ्या! आता आली का पंचाईत? लिहिलं म्हणावं तर 'राणी कोण?', नाही म्हणावं तर सगळं श्रेय त्याला! मी म्हटलं, 'अगं, लोकांसाठी लिहिलं, समाजासाठी.' ती म्हणाली, 'समाजासाठी असं लिहितं होय कुणी?' आणि टाचण्या परत तोंडात. विषय संपला. त्यानंतर तुम्हाला सांगतो, मला कशातच गोडी राहिली नाही. नोकरी गेली तरी चालेल, त्याच्या पोस्टरवर माझं नाव नको, माझा सत्कार नको, कप नको, पण या एका बाईने, या एकाच बाईने माझ्याकडे बघून एकदा म्हणावं, 'तुम्ही लिहिलंत?' बस्! एवढंच हवं होतं मला! जास्त होतं का हो?

आणि अशात संपादिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई म्हणजे कशा, समोर माणूस बसलाय हे त्यांना तो उठल्यावर कळतं. फोनमध्ये बघत बघत म्हणाल्या, 'तो परत येणार. लोक मागणी करतायत. आधी माफी मागेल. दीड मिनिट. रडवायचं, पण त्याला नाक पुसावं लागेल इतकं नाही. पश्चात्ताप घाला, पण कशाबद्दल ते घालू नका. गुरुवारपर्यंत द्या.' मी म्हटलं, 'माफी मीच लिहू?' म्हणाल्या, 'मग काय तो लिहील?' म्हणजे बघा! बंद केबिनमध्ये सगळ्यांना माहीत आहे!

मी कागद पुढे ओढला. आणि ठिबकणाऱ्या त्या पाण्याच्या तालावर मला असं सुचत गेलं, असं सुचत गेलं... सुरुवातीला चार ओळी पश्चात्ताप, शेवटी दोन ओळी नमस्कार. बाई फक्त तेवढंच वाचतात, मधलं नाही, हे मला सहा वर्षांत कळलेलं होतं. त्याची रिहर्सल बंद झाली होती, फोन काढून घेतला होता. आणि मधे मी घातलं खरं! 'आज एक कबुली देतो. ती वाक्यं माझी नव्हती. एकही नाही. आमच्या ऑफिसात, पाण्याच्या यंत्राशेजारी, एक माणूस बसतो. सहा वर्षं तो लिहितो आणि मी बोलतो. तुम्ही ऐकलात तो आवाज माझा होता. मन त्याचं होतं.' आणि खाली पिवळ्यात, चष्मा.

गुरुवार, सात अठ्ठावीस. प्रॉम्प्टरवाल्या बाई अक्षरं सरकवत मधल्या ओळीपर्यंत आल्या, वाचलं, माझ्याकडे वळून बघितलं... आणि सरकवलं पुढे! मी जन्मभर ऋणी आहे त्या बाईंचा. आणि त्याने वाचलं! सगळं वाचलं! 'एकही नाही' इथे आवाज बरोबर खाली आला. 'पाण्याच्या यंत्राशेजारी'... इथे मात्र, आयुष्यात पहिल्यांदा, तो वाचतोय त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला. चेहरा पांढरा पडला. पण थांबणार कसा? अक्षरं येतायत, तो वाचतोय! 'मन... त्याचं... होतं.' चष्मा काढला, आणि डोळ्यांत खरं पाणी! भीतीचं हो! कॅमेरा जवळ गेला, पाणी गालावर आलं, नमस्काराच्या दोन ओळी कशाबशा झाल्या, आणि दिवे लागले.

मी मनात म्हटलं, जितं मया!

दोन मिनिटांत फोन वाजायला लागले. एक नाही, सगळे! मी एक उचलला. पलीकडे कुणी प्रेक्षक बाई रडत होत्या. 'अहो, काय मोठा माणूस! एवढं सुंदर लिहून श्रेयसुद्धा घेत नाही!' दुसरा उचलला. 'नम्रता शिकावी तर सरांकडून!' मी म्हटलं, 'अहो, तो खरंच दुसऱ्याने...' 'हो हो, हेच! हेच म्हणतोय मी! कोण म्हणतं असं आजकाल?' आणि लगेच आमच्याच पडद्यावर चर्चा सुरू झाली, तिथे एक दाढीवाले विचारवंत बसले होते, ते म्हणाले, 'पाण्याच्या यंत्राशेजारचा तो माणूस कोण? तो म्हणजे तुमचाआमचा अंतरात्मा! जो ठिबकत राहतो आणि आपण ऐकत नाही!' मी अंतरात्मा झालो! सदेह! माझं ओळखपत्र गळ्यात लटकतंय, फोटोसकट, आणि मी प्रतीक!

तोवर हिशेबखात्यातल्या चारपाच मुली धावत आल्या, त्यांना त्या पाण्याच्या यंत्रापाशी फोटो काढायचा होता. त्यातली एक मला म्हणाली, 'काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.' झालो बाजूला. काय करणार? संपादिकाबाई आल्या, मला वाटलं आता राजीनामा मागणार, तर खांद्यावर थाप! सहा वर्षांत पहिली. 'प्रतीक छान होतं. असंच लिहीत जा. सरांचा वेळ वाढवलाय, आता तीन मिनिटं.' आणि सर? सर मागून आले, माझा हात हातात घेतला, आणि कानात म्हणाले, 'घाबरलो होतो मी जरा. पण लोकांना कळलं हो माझं मन.'

त्याचं मन! जळून कोळसा झालो मी त्या क्षणी. खोटं कशाला बोलू?

पण म्हटलं, जाऊ दे. सगळी दुनिया खड्ड्यात जाऊ दे, मला एकच माणूस हवा आहे. साडेआठला घरी पोचलो. टीव्ही बंद. मशीनवर झाकण. ही स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलेली, हात मांडीवर. मला बघून म्हणाली, 'पाण्याच्या यंत्राशेजारी तुम्हीच बसता ना? सहा वर्षं घरी येऊन त्या ठिबकण्याबद्दल कुरकुरताय.'

अहो, काय सांगू! इतकी माणसं, एकाला पटलं नाही, आणि हिला पटलं! बाकी काही नाही, त्या ठिबकण्यावरून पटलं! माझी छाती अशी भरून आली की मी खुर्चीच धरली. म्हटलं, 'हो. मीच.' ती म्हणाली, 'सगळी तुमची?' 'सगळी!' मग ती हळूच म्हणाली, आणि तिला ते पाठ होतं हो, अक्षर न् अक्षर पाठ, 'दिवसभर सगळ्यांशी बोलून दमलेला माणूस ज्याच्याजवळ गप्प बसू शकतो, ते त्याचं घर. हेपण तुमचं?' मी म्हटलं, 'हेपण! फेब्रुवारीतलं! काय जमलंय ना?'

ती म्हणाली, 'फेब्रुवारीत मी अकरा दिवस तापाने पडून होते.'

मी म्हटलं, 'हो... होतीस.'

'तुम्ही रोज दारातूनच विचारायचात, गोळी घेतलीस का. आणि मी हो म्हणायच्या आत आत जायचात, लिहायला.'

मी म्हटलं, 'अगं, रोज सातच्या आत मजकूर द्यावा लागतो.' ती म्हणाली, 'ते असू दे. आता एक बोला. मला. एकच ओळ. बोलता येत नसेल तर लिहून द्या.' आणि वही पुढे सरकवली, मापं लिहायची तिची वही. तुम्हाला सांगतो, मी पेन उघडलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. समाजाला एवढे सद्गुण दिलेला माणूस मी, आणि समोर ही एकटी बसलीय, माझ्याकडे बघत, आणि माझ्या डोक्यात काही नाही! कोरडं! आणि तोंडातून निघालं काय माहीत आहे? मी विचारलं, 'विषय काय घेऊ?'

ती चिडली नाही. चिडायला हवी होती. उठली, वही उचलली, मी न लिहिलेलं पान एकदा बघितलं, आणि म्हणाली, 'त्यांनी चोरलेलं होतं, तरी कुणाला तरी दिलं. तुमचं स्वतःचं होतं, तरी तुम्ही दिलं नाहीत.'

आणि आत गेली.

मी तिथेच बसून राहिलो. म्हटलं, काय वाक्य आहे! काय वाक्य आहे हो! ना खूण, ना श्वास, ना बोट, आणि सरळ आत जाऊन बसलं. सहा वर्षांत मला असं एक सुचलं नाही! जिला मी कधी पत्राची एक ओळ लिहिली नाही, ती उभ्याउभ्या असं बोलून जाते, आणि मी, मजकूर सहायक, तिच्यावरसुद्धा जळत बसलो...

आणि काय करणार? दुसऱ्या दिवशीची तीन मिनिटं भरायची होती. तिचं तेच वाक्य दिलं लिहून. त्याने वाचलं.